दिवा, कार्ड आणि एआय: लग्नाच्या वाढदिवसाच्या एका भेटीचं प्रकरण

लग्नाला 10 वर्षं होत होती. नवरा हिशेबाच्या कामात दिवसभर अडकलेला. बायको नोकरी सांभाळून संध्याकाळी भरतकाम करणारी, आणि तेही वेळ जावा म्हणून नव्हे, जीव लावून करणारी. मागच्या काही वर्षांत त्याने तिला घड्याळ दिलं, अत्तर दिलं, पर्स दिली. तिने प्रत्येक वेळी मनापासून आभार मानले आणि वस्तू कपाटात गेली. या खेपेला त्याला तसं व्हायला नको होतं. त्याने एआयची मदत घ्यायची ठरवली: भेट शोधायलाही आणि सोबतचं कार्ड करायलाही.

कार्डांची मांडणी आणि छपाई हा माझा धंदा आहे. तो कार्ड छापायला माझ्याकडे आला तेव्हा त्याने एआयशी झालेला सगळा संवाद मला वाचायला दिला. नंतर दोघांनीही लिहायला परवानगी दिली. ओळख पटेल असे तपशील मी काढले आहेत. हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण यात एआय दोन अगदी वेगळ्या पद्धतींनी वापरलं गेलं. पहिली पद्धत जवळपास सगळेच वापरतात आणि तिच्यातून फारसं काही हाती लागत नाही. दुसरी पद्धत फार कमी लोक वापरतात.

पहिला प्रयत्न

त्याचा पहिला प्रश्न असा होता: "लग्नाला 10 वर्षं झाली. बायकोसाठी रोमँटिक गिफ्ट सुचव. तिला भरतकाम आवडतं." उत्तरात लांबलचक यादी आली. नाव कोरलेलं लॉकेट, फोटोंचं पुस्तक, लग्नाच्या रात्रीच्या आकाशातल्या ताऱ्यांचा नकाशा, दोघांसाठी सहल, मेणबत्त्यांच्या उजेडात जेवण, आणि भरतकामाचा उल्लेख होता म्हणून "प्रीमियम एम्ब्रॉयडरी किट".

यात चूक काहीच नाही. ही यादी कोणाच्याही बायकोला लागू पडते, आणि अडचण तीच आहे. भाषेची ही मॉडेल्स अफाट मजकुरावर शिकलेली असतात आणि समोर आलेल्या शब्दांनंतर कोणते शब्द येण्याची शक्यता जास्त, या हिशेबाने उत्तर रचत जातात. त्याने बायकोबद्दल एकच गोष्ट सांगितली होती, भरतकाम आवडतं. तेवढ्यावरून सर्वांत शक्य उत्तर म्हणजे सरासरी उत्तर. किटचंच बघा. जी बाई वर्षानुवर्षं भरतकाम करते तिच्याकडे स्वतःचे दोरे, स्वतःच्या रिंगा, स्वतःच्या सुया असतात, आणि त्या तिने पारखून घेतलेल्या असतात. नवशिक्यांसाठी भरलेला डबा तिला देणं म्हणजे तिचं काम आपण कधी नीट पाहिलंच नाही, हे सांगणं.

मग त्याने लोक सहसा करतात तेच केलं. "अजून वेगळं सुचव", "अजून युनिक सुचव" असं म्हणत राहिला. याद्या लांबत गेल्या आणि विचित्र होत गेल्या, पण तिच्या जवळ गेल्या नाहीत. जाणार तरी कशा? तिच्याबद्दलची माहिती होती तेवढीच राहिली होती.

प्रश्न उलटवला

इथे त्याने एक गोष्ट केली आणि माझ्या मते सगळं प्रकरण तिथे वळलं. त्याने लिहिलं: "आता कल्पना देऊ नकोस. मला एका वेळी एक प्रश्न विचार. मी सांगेपर्यंत एकही वस्तू सुचवू नकोस. माझं उत्तर मोघम असेल तर तसं स्पष्ट सांग."

सुरुवातीचे प्रश्न नेहमीचेच होते: आवडता रंग, छंद, बजेट. तो म्हणाला, हे नको, तिच्या रोजच्या वागण्यावर विचार. मग जे प्रश्न आले ते मला खरोखर चांगले वाटले. घरातली कोणती वस्तू ती वारंवार जागेवरून हलवते? एखाद्या अडचणीबद्दल ती दोन-तीनदा बोलली आणि मग बोलायचंच सोडून दिलं, असं काही आहे का? आवडीचं काम ती कोणत्या क्षणी अर्धवट टाकून उठते?

यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर त्याला लगेच देता आलं नाही. "बहुतेक पाठ दुखते म्हणून उठते," असं त्याने लिहिलं. त्यावर एआयने विचारलं, हे तुम्ही पाहिलं आहे की तुमचा अंदाज आहे? त्याने लॅपटॉप बंद केला आणि पुढचे काही दिवस फक्त बघितलं.

फोनमध्ये त्याने केलेल्या नोंदी साध्या होत्या. रविवारी सकाळी ती खुर्ची ओढत खिडकीशी नेते. ऊन सरकतं तशी खुर्चीही सरकते. रात्री भरायला बसली की दोऱ्याच्या दोन लडी हातात धरून दिव्याखाली नेते, परत आणते, आणि रिंग ठेवून देते. एकदा म्हणाली, "निळा कुठला नि काळा कुठला, सकाळीच कळेल आता." हे वाक्य तिने याआधीही कितीतरी वेळा म्हटलं असणार, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं.

या नोंदी एआयला दिल्यावर उत्तर सोपं झालं: तिला दोरा, किट, पुस्तक यातलं काही कमी नाही. कमी आहे तो रात्रीचा नीट उजेड.

एआयने इथे नवीन काही शोधून काढलं नाही. खुर्चीचा आवाज घरात होताच, वाक्य तिच्या तोंडी होतंच. त्याने फक्त नवऱ्याला तिकडे बघायला लावलं. हे काम एखादी बहीण किंवा मैत्रीणही करू शकली असती. पण रात्री अकरा वाजता, न कंटाळता, "हे मोघम आहे" असं तोंडावर सांगणारं कोणी प्रत्येकाजवळ नसतं, आणि म्हणून या वापराची मला किंमत वाटते.

दिवा हे काय रोमँटिक गिफ्ट झालं?

ही शंका नवऱ्याला आली, आणि एआयलाही. एआयने लिहिलं की दिवा उपयोगी आहे पण भावनिक वाटणार नाही, तेव्हा त्यावर नाव किंवा तारीख कोरून घ्यावी. नवऱ्याने "मला दिवाच द्यायचाय" असं ठणकावल्याबरोबर एआयने सूर बदलला: ही अप्रतिम आणि हृदयस्पर्शी कल्पना आहे! क्षणापूर्वी शंका, क्षणानंतर स्तुती, आणि मधे नवीन माहिती काहीच नाही. या साधनांचा कल आपल्या म्हणण्याला मान डोलावण्याकडे असतो, त्यामुळे त्यांची वाहवा हा पुरावा धरू नये. त्यापेक्षा "ही भेट तिला का आवडणार नाही, याची कारणं दे" असं विचारावं. नवऱ्यानेही शेवटी तेच विचारलं. कारणं आली त्यात एक महत्त्वाचं होतं: दिवा मिळाला की "आता रात्रीही काम कर" असा अर्थ निघू शकतो. ते टाळायची जबाबदारी कार्डावर आली.

दिव्याच्या बाजूने मी एक अभ्यास मांडेन. गॅलक, गिव्ही आणि विल्यम्स या संशोधकांनी 2016 मध्ये भेटवस्तूंवरच्या अनेक अभ्यासांचा आढावा घेतला. त्यांचा मुद्दा असा की देणाऱ्याचं लक्ष भेट उघडण्याच्या क्षणाकडे असतं आणि घेणाऱ्याचं लक्ष पुढे ती वस्तू वापरण्याकडे. म्हणून देणारा चकित करणारी वस्तू निवडतो आणि घेणाऱ्याला उपयोगी पडणारी हवी असते. कपाटातलं घड्याळ आणि अत्तर यांचं कारण मला यात दिसतं. एआयची पहिली यादीही देणाऱ्याच्याच बाजूने विचार करत होती, कारण भेटींवर लिहिलेला बहुतेक मजकूर देणाऱ्यांसाठीच लिहिलेला असतो.

वस्तू नको, निकष दे

मग त्याने "चांगला दिवा सुचव" असं विचारलं. एआयने मॉडेलच्या नावासकट, किमतीसकट तीन दिवे सांगितले. शोधायला गेल्यावर एक सापडलाच नाही, त्या नावाचा दिवा कुठेही नव्हता. दुसऱ्याची किंमत भलतीच निघाली. असं होतं. मॉडेल शक्य वाटणारं नाव रचू शकतं, आणि इंटरनेटवर शोध घेऊन उत्तर देत नसेल तर त्याची माहिती जुनी असते.

यावर त्याने काढलेला मार्ग प्रत्येकाने उचलावा असा आहे. वस्तूचं नाव मागायचं नाही, पारखायचे निकष मागायचे. भरतकामाच्या रंगांसाठी दिवा घेताना काय बघायचं? इथे उत्तर चांगलं आलं, आणि हा भाग माझ्या धंद्यातला असल्यामुळे मी तो तपासूही शकलो.

दिव्याखाली रंग किती खरे दिसतात हे सांगणारा आकडा म्हणजे सीआरआय, आणि त्याचं कमाल मूल्य 100. रंगाच्या कामाला 90 च्या वरचा, जमल्यास 95 चा घ्यावा. हा नेहमीचा आकडा 8 फिक्या नमुना-रंगांवरून काढतात. गडद लाल त्यात येत नाही, त्याचं मूल्य आर9 म्हणून वेगळं बघावं लागतं. भरतकामात लाल दोरा भरपूर असतो, तेव्हा ही गोष्ट किरकोळ नाही. दुसरा आकडा केल्विनचा, तो उजेड पिवळसर की पांढरा हे सांगतो. घरातले पिवळसर दिवे साधारण 2700 केल्विनचे असतात. त्या उजेडात निळा भाग कमी, म्हणून गडद निळा दोरा काळ्याजवळ जातो. छापखान्यात आम्ही प्रूफ, म्हणजे छपाईआधीची नमुना प्रत, बघतो ती 5000 केल्विनच्या उजेडात. एका उजेडात अगदी जुळणारे दोन रंग दुसऱ्या उजेडात वेगळे पडतात, हे आम्हाला रोज भोगावं लागतं. तिचं "सकाळीच कळेल" आणि आमचं "प्रूफ दिव्याखाली बघ" ही एकच तक्रार आहे. तेव्हा सीआरआय 95 च्या आसपास, 5000 केल्विन, उजेड कमी-जास्त करता येणारा, न लुकलुकणारा, वळणाऱ्या दांड्याचा आणि टेबलाला क्लॅम्पने बसणारा, असं ठरलं. हे निकष हातात घेऊन त्याने दिवा स्वतः शोधला, स्वतः लावून पाहिला, आणि घरातून गुपचूप नेलेल्या निळ्या-काळ्या लडी त्याच्याखाली धरून पाहिल्या.

एक गोष्ट मात्र यादीतून निसटली: टेबलाच्या कडेची जाडी. घरचं टेबल जाड निघालं आणि क्लॅम्प बसला नाही. शेवटी तो खिडकीशेजारच्या फळीला लावला. एआयने ते टेबल पाहिलेलं नव्हतं. मोजपट्टी माणसानेच घ्यावी लागते.

कार्डाचा मजकूर

कार्डासाठी एआयने पहिल्या झटक्यात लिहून दिलं: "तू माझ्या आयुष्याचा प्रकाश आहेस. तुझ्या प्रेमाच्या धाग्यांनी माझं जग विणलं आहे." दिवा म्हटल्याबरोबर प्रकाश, भरतकाम म्हटल्याबरोबर धागे. त्यात भरतकाम आणि विणकाम यांची गल्लत. तिने पहिल्या वाचनातच ती पकडली असती.

मग त्याने चार मिनिटं फोनशी बोलून मजकूर उतरवून घेतला. जसं सुचेल तसं, अडखळत. हा उतारा एआयला देताना घातलेली अट मला फार आवडली: "एकही नवीन शब्द लिहू नकोस. यातली कोणती वाक्यं कुठलाही नवरा कुठल्याही बायकोला म्हणू शकेल, तेवढ्यांवर खूण कर."

बहुतेक वाक्यांवर खूण झाली. "तू सगळ्यांचं किती करतेस", "तुझ्याशिवाय मी काहीच नाही", "10 वर्षं कशी गेली कळलंच नाही". ही वाक्यं खोटी नव्हती, पण ती फक्त तिची नव्हती. उरलं ते असं, आणि हेच कार्डावर गेलं:

"रविवारी सकाळी तू खुर्ची खिडकीशी ओढतेस. ऊन सरकतं तशी तूही सरकतेस. इतकी वर्षं तो आवाज ऐकतोय, पण का सरकतेस ते कधी विचारलं नाही. आता रात्रीही निळा निळाच दिसेल. भरावंसं वाटेल तेव्हा भर, नाही वाटलं तर दिवा बंद करून माझ्याशी गप्पा मारत बस."

शेवटचं वाक्य त्या "काम कर" असा अर्थ निघण्याच्या भीतीवरचा उतारा होता. ते त्याला नंतर, पायी चालताना सुचलं.

बोलताना त्याने तिच्या आयुष्यातल्या एका दुखऱ्या प्रसंगाचाही उल्लेख केला होता. एआयला देण्याआधी तो भाग त्याने काढून टाकला, आणि ते बरोबर केलं. ती गोष्ट तिची आहे. नवरा झाला म्हणून ती कुठल्या कंपनीच्या सर्व्हरवर टाकायचा हक्क त्याला मिळत नाही. बऱ्याच साधनांत आपला संवाद पुढच्या प्रशिक्षणासाठी वापरू नये अशी सेटिंग असते, इतिहासात न राहणारा तात्पुरता चॅटही असतो. ते वापरावं, पण त्याहून चांगलं म्हणजे जे सांगायची गरज नाही ते सांगूच नये. शिवाय घरात एकच खातं दोघं वापरत असतील तर डावीकडच्या यादीत "बायकोसाठी भेट" असं शीर्षक तिलाच आधी दिसतं. त्याने वेगळं खातं वापरलं होतं.

मुखपृष्ठ

चित्राची हौस त्यालाही होती. रिंगेत ताणलेलं कापड, सुई, फुलं आणि वर देवनागरीत तिचं नाव, असं चित्र त्याने एआयकडून करून घेतलं. लांबून देखणं. जवळून बघितलं तर नावातली वेलांटी भलत्या अक्षराला, आणि जोडाक्षराच्या जागी अक्षरासारखी दिसणारी एक नक्षी. चित्र बनवणारी मॉडेल्स अक्षरं फाँटमधून टाइप करत नाहीत, चित्राचाच भाग म्हणून रंगवतात. अलीकडची साधनं यात सुधारली आहेत, तरी देवनागरीची जोडाक्षरं डोळ्यांखालून घातल्याशिवाय छापायला देऊ नयेत. चित्र अक्षरांविना करून घ्यावं आणि नाव मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड फाँटने टाकावं, किंवा सरळ हाताने लिहावं.

पण अक्षरं दुरुस्त करूनही ते चित्र चाललं नसतं. दोरा सुईच्या नेढ्यातून जातच नव्हता, तो सुईच्या कडेला चिकटलेला होता. एका पाकळीत साखळी टाका सुरू होऊन मधेच भलत्याच टाक्यात मिसळत होता, जो कुठल्याही सुईने घालता येणार नाही. मला ते दिसलं नाही, नवऱ्याला दिसलं नाही. तिला पहिल्या नजरेत दिसलं असतं. ज्या विषयात समोरची व्यक्ती तरबेज आहे, त्याच विषयाचं एआयने केलेलं चित्र तिला देऊ नये असं माझं ठाम मत झालं आहे.

मी विचारलं, तिने केलेलं काही घरी नाही का? त्याने तिच्याच एका जुन्या कापडाचा फोटो आणला, तोही उलट्या बाजूचा. गाठी, एका फुलावरून दुसऱ्याकडे उडी मारलेले दोरे, आणि एका कोपऱ्यात उसवून पुन्हा घातलेले टाके. हा फोटो आम्ही घेतला. एआयचा वापर एवढाच केला की तिरपा फोटो सरळ झाला आणि एका बाजूची सावली निघाली. एका साधनाने "सुधारणा" म्हणून गाठीच पुसून टाकल्या होत्या. ती प्रत फेकून दिली.

छपाईचं थोडक्यात. ए5 कागद मध्यावर दुमडला की ए6 कार्ड होतं, 105 बाय 148 मिलिमीटर. 300 डीपीआयला, म्हणजे इंचाला 300 ठिपके धरून, मुखपृष्ठासाठी 1240 बाय 1748 पिक्सेल लागतात, आणि कडेला ब्लीड, म्हणजे कापून जाणारी 3 मिलिमीटरची जादा पट्टी. एआयची 1024 पिक्सेलची चौकोनी प्रतिमा 300 डीपीआयला जेमतेम 87 मिलिमीटर भरते. ती ताणून छापली की धुरकट दिसते, आणि दोष मग छापखान्यावर येतो. कागद 300 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा, पण चकचकीत लेपाचा नको. लेपावर पेनची शाई वाळत नाही, फासते. आणि आतला मजकूर पेनने लिहायचा होता, कारण मी तो छापायला नकार दिला.

भेट दिल्यावर

तिने कार्ड आधी वाचलं. मुखपृष्ठ बघून म्हणाली, "उलटी बाजू कशाला दाखवलीस?" आणि लगेच कोपऱ्यातले उसवलेले टाके ओळखून ते कधीचे ते सांगू लागली. मग दिवा. त्या रात्री तिने दोऱ्यांचा अख्खा डबा त्याच्याखाली लावून काढला.

दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "हे तूच लिहिलंस?" त्याने संवाद उघडून दाखवला, पहिल्या लॉकेटच्या यादीपासून. ती सगळं वाचून गेली. "हे तुम्ही पाहिलं आहे की तुमचा अंदाज आहे?" या प्रश्नापाशी थांबून म्हणाली, हा प्रश्न बरा विचारला. मग म्हणाली, "मला विचारलं असतंस तरी मी सांगितलं असतं, उजेड पुरत नाही म्हणून." तो म्हणाला, पण मग मी बघितलं नसतं. तिला ते पटलं की नाही, ते त्याला कळलं नाही.

सांगावं की नाही, हा प्रश्न नाजूक आहे. फेब्रुवारी 2023 मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठात गोळीबार झाला. त्यानंतर व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या पीबॉडी कॉलेजातल्या एका कार्यालयाने विद्यार्थ्यांना सांत्वनाचा ईमेल पाठवला आणि खाली चॅटजीपीटीचा आधार घेतल्याची ओळ होती. विद्यार्थी संतापले, माफी मागावी लागली. 2024 च्या ऑलिम्पिकच्या वेळी गुगलने जेमिनी या आपल्या एआयची एक जाहिरात मागे घेतली. तिच्यात मुलीच्या वतीने आवडत्या खेळाडूला लिहायचं पत्र बाप एआयकडून लिहून घेतो, आणि लोकांना ते रुचलं नव्हतं. दोन्ही ठिकाणी एआयचा वापर लपवलेला नव्हता, तरी लोक दुखावले. कारण एका माणसाने दुसऱ्यासाठी जे स्वतः करायला हवं होतं तेच काम सोपवलं गेलं होतं. या प्रकरणात सोपवलं गेलं ते विचारणं, चाळणं, फोटो सरळ करणं. बघणं आणि लिहिणं त्याच्याकडेच राहिलं.

त्यांचा एक मतभेद अजून मिटलेला नाही. तिचं म्हणणं, कार्डाच्या मागे बारीक अक्षरात एआयची मदत घेतल्याचं लिहायला हवं होतं. तिने विचारल्यावर कळण्यापेक्षा आधीच कळलं असतं. त्याचं म्हणणं, शब्द माझे होते, अक्षर माझं होतं, मग कशाला? मी तिच्या बाजूने आहे. मागची बाजू कोरीच होती, एका ओळीला भरपूर जागा होती, आणि ज्याने दुसऱ्या दिवशी सगळा संवाद न लाजता दाखवला, त्याला ती ओळ लिहायला जड गेली नसती.